किल्ली हाती आली म्हणजे गाडी आपली झाली काय?

(जुनी मोटार घेणाऱ्या कुटुंबांसाठी काही हिशेबाच्या गोष्टी)

रविवारी सकाळची वंदना आटोपली की आमच्या ओट्यावर दोन-चार माणसे हमखास येऊन बसतात. कुणाच्या हातात विजेचे बिल असते, कुणाच्या हातात शिष्यवृत्तीचा फॉर्म, तर कुणाच्या हातात बँकेची नोटीस. आम्ही कारकून माणूस. आठवडाभर कचेरीतले कागद वाचावयाचे आणि सुटीच्या दिवशी वस्तीतल्यांचे, हा आमचा अनेक वर्षांचा नेम. या कामाचा आम्हाला कधी कंटाळा आला नाही. पण एका कागदाने मात्र आम्हाला मान खाली घालावयास लावली. त्याचीच हकिकत आज सांगावयाची आहे.

२०२१ च्या दिवाळीच्या अगोदरची गोष्ट. आमच्या वस्तीतले एक काका सफाई कामगार म्हणून तीस वर्षे राबून सेवानिवृत्त झाले. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले. घरात तीन पिढ्यांत सायकलीच्या वर वाहन आले नव्हते. काकूंचे गुडघे दुखतात, दवाखान्यासाठी सोलापूरला जावे लागते, थोरल्या मुलाला गाडी चालवता येते. दीक्षाभूमीला जावयाचे तर दरवर्षी दुसऱ्याच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसावे लागते. म्हणून एक जुनी मोटार घ्यावी असे ठरले. मोठ्या शहरातल्या एका कार बाजारात गाडी पाहिली आणि काका आम्हाला म्हणाले, "भाऊ, तुमी शिकलेले हाव, तेवढं संगं चला."

आम्ही गेलो. मिस्त्रीही बरोबर नेला. त्याने बोनेट उघडले, इंजिन ऐकले, "चांगलंय" म्हणाला. व्यवहार जमवून देणारा एजंट आम्हाला पाहताच "जयभीम" म्हणाला. आपल्याच समाजाचा निघाला. "काका, घरचीच गाडी समजा. कागद पंधरा दिवसांत घरपोच येतील," असे त्याने सांगितले. ३ लाख १० हजाराला सौदा झाला. १० हजार इसार, त्याची चिठ्ठीवर पावती. उरलेले ३ लाख रोख मोजून दिले, त्याची पावती नाही. रात्री गाडी वस्तीत आली, पोरे भोवती गोळा झाली, पेढे वाटले.

अकरा महिन्यांनी फायनान्स कंपनीच्या माणसांनी ती गाडी भर रस्त्यात अडवली आणि ओढून नेली. पहिल्या मालकाने गाडीवर कर्ज काढले होते, ते फेडले नव्हते. काका प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आमच्या ओट्यावर आले. आम्ही आरसीचे कार्ड हातात घेतले. त्यावर फायनान्स कंपनीचे नाव स्पष्ट छापलेले होते. खरेदीच्या दिवशीही ते तिथेच होते. इंजिनाकडे आम्ही तिघांनी पाहिले, त्या ओळीकडे एकानेही पाहिले नाही. आणि त्या तिघांत एक कागद वाचण्याचाच पगार घेणारा होता.

वाचक बंधू-भगिनींनो, तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती जमवीत आलो आहोत. आज खेड्यापाड्यांतही जुन्या मोटारी येऊ लागल्या आहेत. नवी गाडी आपल्या आवाक्यात नाही, जुनी घेण्यात कमीपणाही नाही. मात्र एक गोष्ट मनात पक्की धरा. किल्ली हातात आल्याने गाडी आपली होत नाही. आरसीवर आपले नाव चढते त्या दिवशी ती आपली होते. पुढचे सगळे विवेचन या एका वाक्याभोवतीच आहे.

कायदा कोणाला मालक मानतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी विकली की राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० असतात. बाजारात त्यांनाच 'टीटी फॉर्म' म्हणतात. विकणाऱ्याची सही असलेले कोरे टीटी फॉर्म हातात देऊन "झाली गाडी तुमची" असे सांगण्याची पद्धत आहे. काही ठिकाणी बाँड पेपरवर नोटरी करून देतात. नोटरीचा शिक्का कितीही ठसठशीत असला तरी त्याने आरसीवरचे नाव बदलत नाही. कार्यालयात फॉर्म दाखल होऊन, फी भरून नोंद झाली तरच नाव बदलते.

ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्याचा निकाल ६ फेब्रुवारी २०१८ रोजी लागला. एक गाडी पहिल्या मालकाने २००७ मध्ये विकली, पुढे ती आणखी काही हातांतून फिरली, पण आरसीवर नाव पहिल्याचेच राहिले. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला, त्यात एक जीव गेला. नुकसानभरपाई कोणी द्यावी, हा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले, ज्याचे नाव नोंदवहीत आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच.

या निकालाची धार दोन्ही बाजूंना आहे. गाडी घेताना तर नाव बदलून घ्याच. पण आपली जुनी मोटारसायकल वा रिक्षा विकतानाही, नाव बदलल्याचा कागद हातात येईपर्यंत निश्चिंत राहू नका. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीच्या अपघाताची नोटीस आपल्या दारात येऊ शकते.

विकणारा कोण, हे आधी पाहा

कार बाजारात तीन प्रकारची माणसे भेटतात. एक, स्वतः गाडी विकत घेऊन मग विकणारा डीलर. दुसरा, मालकाची गाडी आपल्या जागेत उभी करून कमिशनवर विकणारा. तिसरा एजंट, ज्याची ना जागा, ना पाटी, फक्त मोबाईल. तिघेही स्वतःला डीलरच म्हणवतात. काही बिघडले तर ज्याची जागा आणि पावती आहे त्याला गाठता येते. मोबाईलवाल्याला शोधावयाचे कोठे?

१ एप्रिल २०२३ पासून याबाबत केंद्राचे नवे नियम लागू झाले आहेत. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरने परिवहन कार्यालयाकडून प्राधिकारपत्र घ्यावयाचे असते. ते फॉर्म २९ बी मध्ये मिळते व पाच वर्षे चालते. मालकाने गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९ सी मध्ये ऑनलाईन कळवावयाचे असते. त्यानंतर ती गाडी विकली जाईपर्यंत तोच डीलर मालक समजला जातो आणि तिची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून दुकानात शिरल्यावर दोन प्रश्न विचारा. "तुमचे प्राधिकारपत्र दाखवता का?" आणि "या गाडीची २९ सी ची नोंद झाली आहे का?" विचारण्यात लाजू नका. तीस वर्षांच्या घामाचे पैसे आपण देणार आहोत. खरा धंदेवाला रागावत नाही, कागद काढून दाखवतो.

आणखी एक गोष्ट आम्ही जड अंतःकरणाने लिहितो. 'जयभीम' म्हणणारा प्रत्येक माणूस आपल्या व्यवहाराचा जामीनदार नसतो. समाजाचा म्हणून माणसाला पाणी विचारा, चहा पाजा, अडचणीत मदतही करा. पण पैशाच्या व्यवहारात त्याच्याकडूनही तीच पावती घ्या जी परक्याकडून घेतली असती. तो खरोखर आपला असेल तर पावती देताना त्याचा हात अडखळणार नाही.

आरसीचे कार्ड ओळीओळीने वाचा

आरसी हातात आली की घाई करू नका. बसून, चष्मा लावून वाचा. त्यावरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षरागणिक जुळवा. चॅसी नंबर खरवडलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरा. चोरीची गाडी स्वस्त मिळाली तरी ती पोलीस ठाण्यात जाते आणि आपण तिच्यामागे.

नोंदणीची तारीख पाहा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. नंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते, त्याची फी आणि पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का आहे, याचे उत्तर पुष्कळदा येथेच असते. 'डुप्लिकेट' असा शेरा असेल तर मूळ आरसी कोठे गेली ते विचारा. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर तिच्यावर उच्च सुरक्षा नंबर पाटी बसवलेली आहे का, तेही पाहा.

बोजाची ओळ सर्वांत महत्त्वाची. आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर त्या गाडीवर कर्जाचा बोजा आहे. कर्ज फिटले असले तरी कंपनीचा ना-हरकत दाखला आणि तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ कार्यालयात देऊन तो उतरवावा लागतो. "कर्ज कधीच फिटलंय, नाव तेवढं राहिलंय" हे वाक्य आम्ही स्वतः ऐकलेले आहे. असे ऐकले की सरळ सांगा, "आधी बोजा उतरवा, मग आम्ही पैसे घेऊन येतो." शंका असेल तर त्या कंपनीच्या शाखेत गाडी नंबर घेऊन जावे.

आरसीवरचा मालक हयात नसेल तर कोऱ्या टीटी फॉर्मवरच्या सहीला काही अर्थ उरत नाही. तेव्हा वारसांच्या नावे फॉर्म ३१ ने नोंद झाल्यावरच गाडी घ्यावी.

मुलांच्या मोबाईलवर 'एम परिवहन' हे सरकारी अॅप असते. त्यात गाडीचा नंबर घातला की नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची व पीयूसीची मुदत दिसते. थकलेले ई-चलनही ऑनलाईन पाहता येते. आधीच्या मालकाने सिग्नल तोडून केलेला दंड आपण का भरावा? तो सौद्याआधी त्याच्याकडून भरून घ्या.

सीमेपलीकडची स्वस्त गाडी

आपल्या जिल्ह्याचा नंबर एमएच २५. सोलापूरचा १३, लातूरचा २४, पुण्याचा १२. राज्यातल्याच दुसऱ्या जिल्ह्याची गाडी घेतली तर नंबर तोच राहतो, नाव-पत्ता तेवढा बदलावा लागतो. उमरगा, लोहारा, नळदुर्ग भागातल्या बांधवांना मात्र आणखी एक मोह पडतो. पुणे-हैदराबाद महामार्ग दारावरून जातो. बिदर, कलबुर्गी, हैदराबाद जवळ. तिकडच्या गाड्या इकडच्यापेक्षा स्वस्त वाटतात.

पण परराज्यातली गाडी कायमची आपल्याकडे ठेवावयाची तर तिथल्या कार्यालयाचा फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला लागतो, आपल्या राज्याचा कर नव्याने भरावा लागतो आणि महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्याच्या नंबरवर गाडी ठेवता येत नाही. कराची रक्कम आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्या, ती गाडीच्या किमतीत मिळवा आणि मग सांगा ती स्वस्त आहे की नाही.

गाडीची अंगतपासणी

कागद पटले तर मग मिस्त्री न्यावा, आणि तो आपला न्यावा. डीलरने सुचवलेला नव्हे. त्याची मजुरी आपण द्यावी, म्हणजे त्याचे इमान आपल्याशी राहते.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. आपण जाण्याआधीच ती सुरू करून ठेवली असेल तर "थंड झाल्यावर पुन्हा येतो" असे सांगावे. सुरू करताना निळसर धूर आला तर इंजिन ऑईल जाळते आहे, काळा आला तर इंधन नीट जळत नाही, पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरत असावे. सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या पळतात. शक्य असेल तर तुळजापूरच्या घाटासारखा चढ चढवून पाहा. क्लच घसरतो का, इंजिन तापते का, ते चढावरच कळते.

मीटर मागे फिरवणे ही जुनी चलाखी. आठ वर्षांची गाडी फक्त ४० हजार किलोमीटर दाखवते आणि ब्रेकच्या पेडलचे रबर मात्र गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगचे कातडे निघालेले. तर मीटर खोटे बोलते आहे. कंपनीच्या वर्कशॉपमधला सर्व्हिसिंगचा तपशील मागा. टायरवर चार अंक असतात. ३२१९ म्हणजे २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. कमी चाललेल्या गाडीचे चारही टायर बदललेले का, हा प्रश्न त्यातून आपोआप निघतो. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा क्षणभर पेटून विझला पाहिजे. तो पेटतच नसेल तर अपघातात एअरबॅग उघडून गेलेली असण्याचा संशय घ्यावा.

पुरात बुडालेल्या गाडीपासून विशेष सावध राहावे. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात परंडा, भूम भागात पाण्याने गावे वेढली. अशा पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून, अत्तर मारून दूरच्या बाजारात उभी केली तर ओळखणार कशी? सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. आत मातीची रेघ दिसते. पायाखालची चटई उचला, सीटखालचे बोल्ट पाहा, डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा तपासा. गंज आणि बारीक गाळ येथे लपून राहतो. बुडालेल्या गाडीची वायरिंग आज चालते आणि चार महिन्यांनी रडवते.

सीएनजीची गाडी असेल तर किटची नोंद आरसीवर पाहिजे आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी दाब-तपासणी झालेली पाहिजे. त्याचा दाखला मागावा.

हप्त्याचा हिशेब: आम्ही बीकॉमवाले बोलतो

दुकानात दोन मिनिटांत कर्ज मिळते, म्हणून तिथेच सही करू नका. समजा ३ लाखांचे कर्ज, ३ वर्षे, व्याज १२ टक्के. ऐकायला बँकेसारखेच वाटते. पण ते 'फ्लॅट' असेल तर तीन वर्षे पूर्ण ३ लाखांवर व्याज लागते. म्हणजे १ लाख ८ हजार रुपये व्याज, हप्ता ११,३३३. तेच १२ टक्के उरलेल्या मुद्दलावर असेल तर हप्ता सुमारे ९,९६४ आणि एकूण व्याज सुमारे ५८,७००. एकाच टक्क्याच्या पोटात ४९ हजारांचा फरक! फ्लॅटचे १२ टक्के म्हणजे बँकेच्या पद्धतीने जवळजवळ २१ टक्के होतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व फायनान्स कंपन्यांनी अशा नव्या कर्जात मुख्य माहितीचे एक विवरण देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो कागद आधी मागा, घरी आणा, शिकलेल्या मुलीला वाचायला द्या, मग सही करा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.

जीएसटीच्या नावानेही गंमत होते. जुन्या गाड्यांवर १८ टक्के कर ठेवण्याचा निर्णय जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये घेतला. पण तो पूर्ण किमतीवर नाही. नोंदणी असलेल्या डीलरने गाडी जितक्याला घेतली आणि जितक्याला विकली, त्या फरकावर आहे. २ लाख ८० हजाराला घेऊन ३ लाख १० हजाराला विकली तर फरक ३० हजारांचा, कर ५,४०० रुपये. कोणी पूर्ण किमतीवर ५५,८०० मागितले तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडा.

विमा आणि पांढरी पाटी

"विमा चालू आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. गाडी विकली गेली की दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा कायद्याच्या कलम १५७ ने नव्या मालकाकडे आला असे समजतात. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्शुलेशन्सच्या खटल्यात सांगितलेले आहे. म्हणून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला अर्ज देऊन पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. अपघात न झाल्याबद्दलची सूट जुन्या मालकाची असते, ती आपल्याला मिळत नाही. तो फरक भरावा लागतो.

आणि ज्यांच्या मनात "पोरगा गाडी भाड्याने मारील, हप्ता निघेल" असे आहे त्यांना हात जोडून सांगतो, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. पिवळी पाटी, परमिट आणि वेगळा विमा लागतो. भाड्याच्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करण्याचा संभव असतो. उलट, जी गाडी आज पांढऱ्या पाटीची आहे ती पूर्वी टॅक्सी होती काय, हेही विचारा. टॅक्सीने दोन वर्षांत जे रस्ते तुडवलेले असतात ते घरच्या गाडीने दहा वर्षांत तुडवलेले नसतात.

पैसे देण्याची रीत

इसार थोडाच द्या. त्याच्या पावतीवर गाडीचा नंबर, चॅसी नंबर, ठरलेली किंमत, नाव बदलून देण्याची मुदत आणि "कागदात दोष निघाल्यास इसार परत" हे वाक्य लिहून घ्या. पैसे बँकेतून द्या, आणि पाटीवर ज्या धंद्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात द्या. रोख मागणारा दोन हजार कमी करीत असेल तर ते दोन हजार त्याच्याकडेच राहू द्या. रकमेचा एक भाग, निदान दहावा हिस्सा, आरसीवर आपले नाव येईपर्यंत राखून ठेवा आणि तसे कागदावर लिहा. "वॉरंटी आहे" असे तोंडी सांगितले तर तेही लिहून घ्या. ताबा घेतला ती तारीख आणि वेळ लिहा. त्या तासाच्या आधीचे सगळे दंड आणि अपघात त्यांचे, नंतरचे आपले.

फसवणूक झालीच तर

रडत बसू नये आणि भांडायलाही जाऊ नये. आधी लेखी नोटीस द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. गाडी पुण्यात वा सोलापुरात घेतली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे धाराशिवच्याच आयोगात तक्रार चालते, ही त्या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. खोटे कागद वा चोरीची गाडी असेल तर पोलिसांत फिर्याद द्यावी.

वकिलाच्या फीला घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध बांधवही अनुसूचित जातीत गणले जातात. जातीचा दाखला घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जावे.

पण आयोगही पुरावा मागतो. काकांच्या बाबतीत नेमके तेच झाले. ३ लाख रोख दिल्याचा एकही कागद नाही. एजंटचा फोन बंद. शेवटी आम्ही पहिल्या मालकाचा पत्ता शोधला. माणूस भला निघाला, सही द्यायला तयार झाला. फायनान्स कंपनीचे ६४ हजार काकांनी काकूंची बोरमाळ गहाण ठेवून भरले, तेव्हा गाडी सुटली. बोजा उतरला, नाव चढले. नवे आरसी कार्ड आले त्या दिवशी काका ते घेऊन ओट्यावर आले आणि म्हणाले, "भाऊ, आता वाचा." आम्ही पुढून-मागून दोनदा वाचले. फायनान्सची ओळ कोरी होती.

बोरमाळ पुढे दीड वर्षाने सुटली. काका आम्हाला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पण आमच्या वस्तीत आता गाडी घेणारा आधी आरसीचा फोटो घेऊन येतो, मग मिस्त्रीकडे जातो. आपल्या वस्तीतही एखादा कागद वाचणारा असेलच. शिक्षक असेल, कारकून असेल, कॉलेजात जाणारी मुलगी असेल. इसार देण्याआधी एक रविवार त्याच्या ओट्यावर घालवा.

कात्रण काढून जपून ठेवा

१. डीलरचे प्राधिकारपत्र पाहिले का?
२. चॅसी व इंजिन नंबर जुळवला का?
३. आरसीवर बोजा नाही ना? असल्यास तो उतरवला का?
४. ई-चलन, कर, विमा, पीयूसी तपासले का?
५. आपला मिस्त्री नेला का? इंजिन थंड होते का?
६. व्याज फ्लॅट की उरलेल्या मुद्दलावर?
७. पैसे बँकेतून दिले का? प्रत्येक रुपयाची पावती आहे का?
८. काही रक्कम नाव चढेपर्यंत राखली का?
९. विमा १४ दिवसांत, आरसी ३० दिवसांत आपल्या नावाने करण्यास दिली का?

या नऊही प्रश्नांना 'होय' असे उत्तर आले आणि आरसीवर घरच्या माणसाचे नाव चढले, की मग खुशाल पेढे वाटा.